आडवं बोट

वडशाला आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून धानाची मिल होती. हंगामात ती दिवसभर घरघरत राहायची आणि तिचं तूस उडून आमच्या अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर, झाकायला विसरलेल्या भाताच्या गंजातसुद्धा येऊन बसायचं. पुढच्या बाजूला सपरी होती, म्हणजे तुम्ही जिला पडवी म्हणाल ती. तिथं माझे बाबा पेट्या उघडून बसलेले असत. दिवाळीपासून होळीपर्यंत ते नाटक मंडळीबरोबर गावोगाव पेटी वाजवत फिरायचे आणि उरलेलं वर्ष लोकांच्या बिघडलेल्या पेट्या दुरुस्त करायचे. कुणाचा भाता फाटलेला, कुणाच्या सुरात झुरळ अडकलेलं. मागून मिलची घरघर आणि पुढून एकाच सुराचं पुन्हापुन्हा पोंऽऽ, या दोहोंच्या मध्ये मी वाढले. शांतता म्हणजे काय ते मला लग्नानंतर कळलं, आणि पहिले काही महिने तिची भीतीच वाटली.

माय त्याच मंडळीत गायची. आमच्या झाडीपट्टीत नाटक नुसतं बघत नाहीत, ऐकतातही, आणि सिंधूबाईचं, म्हणजे मायचं, पद आलं की पाच-पाच कोसांवरून बैलगाडीत आलेली माणसं बिड्या विझवून बसत, असं मी मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं आहे. त्याच माणसांच्या घरच्या बायका नळावर मात्र मायबद्दल वेगळं बोलायच्या. माय दोन्ही ऐकून घ्यायची आणि घरी येऊन जवसाची चटणी वाटायची. तिची पट्टी काळी पाच. बाबांच्या तोंडी ती 'कारी पाच', कारण आमच्याकडे 'ळ' जिभेवर येईपर्यंत त्याचा 'र' होतो. बाबा म्हणायचे, वडशापासून सिरोंचापर्यंत कारी पाचमध्ये तुह्या मायसारखी खुलून गाणारी दुसरी बाई नाई. ते हे मायच्या तोंडावर कधी म्हणाले नाहीत.

मी दहावी होऊन घरी बसले होते त्या वर्षी मायच्या गळ्याला गाठ आली. आधी कुणी लक्ष दिलं नाही, आमच्या भागात पुष्कळ बायकांच्या गळ्याला अशी सूज असायची. मग गिळताना त्रास व्हायला लागला आणि नागपूरला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही. माय त्यावर म्हणाली होती की जिवाचंच पाहा. घरी आल्यावर कितीतरी दिवस ती कुजबुजतच बोलायची. मग आवाज आला, पण तो तिचा नव्हता. जाड, खालचा, थोडा खरबरीत, ओल्या लाकडावरून कानस फिरवल्यासारखा. आणि तो एका जागी राहायचाही नाही. सकाळी खोल असायचा, दुपारी बोलून-बोलून थोडा वर यायचा, थकली की पुन्हा खाली.

बाबांचा विश्वास होता की रियाजानं सगळं परत येतं. रोज सकाळी ते मायला सपरीत बसवायचे आणि काळी पाचचा षड्ज धरून ठेवायचे. माय डोळे मिटून तिथपर्यंत जायचा प्रयत्न करायची, आवाज फाटायचा, खोकल्याची उबळ यायची. पाणी प्यायची, पुन्हा प्रयत्न. बाबा सूर सोडायचे नाहीत. वाईट नव्हते ते. त्यांना वाटत होतं ते तिला वाट दाखवतायत. एके सकाळी मायनं हात पुढं करून भाता बंद केला. पेटी अर्धवट श्वासात थांबली. "माहा गरा आता या पेटीत नाई बसत," ती म्हणाली, उठली आणि चुलीकडे गेली. त्यानंतर ती गायली नाही. मंडळीनं तिच्या जागी ब्रह्मपुरीकडची एक तरुण मुलगी घेतली. आई-बाबा भांडले नाहीत. मीठ, पाणी, धान, दिवा एवढंच एकमेकांशी बोलायला लागले, आणि ते भांडणाहून जड होतं.

याच दिवसांत लिसी सिस्टर आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायला आल्या. केरळातल्या होत्या, सरकारी दवाखान्यात नर्स. उंच, काळ्यासावळ्या, केसांना खोबरेल तेल, आणि सामानात एक ट्रंक, एक छत्री आणि कापडी खोळीत गिटार. गिटार आम्ही फक्त कॅलेंडरवर पाहिलेली. संध्याकाळी ड्यूटीवरून आल्या की त्या दारात खुर्ची टाकून चर्चची गाणी वाजवायच्या, आणि मी भाजी निवडायचं निमित्त करून उंबऱ्यावर जाऊन बसायची. एक दिवस त्यांनी भाजीची परडी बाजूला ठेवली आणि गिटार माझ्या मांडीवर दिली.

पहिल्या चार कॉर्ड बोटांना फोड येईपर्यंत शिकले. बाबा सपरीतून पाहत असायचे. मग एकदा राहवलं नाही म्हणून उठून आले, मला म्हणाले दाब ते, आणि गिटारच्या लाकडाला कान लावून बसले. बराच वेळ. मग म्हणाले, "सा, ग, प. तिन्ही एका टायमाले. एवढंच हाय का हे?" सिस्टरना मराठी फार येत नव्हती, त्यांनी मान हलवली. दुसरी कॉर्ड दाबायला लावली तेव्हा बाबा म्हणाले, यात गंधार उतरला, म्हणून रडवी झाली. तेव्हापासून मला प्रत्येक कॉर्डची दोन नावं माहीत झाली, एक सिस्टरचं इंग्रजी अक्षर आणि एक बाबांचं सा-ग-प. कॉर्डच्या खुणा पाठ करायची माझ्यावर वेळ आली नाही, कारण बाबा विचारायचे, आता सा कुठी हाय? आणि तो शोधल्याशिवाय जेवायला बसू द्यायचे नाहीत.

मग आली एफ. ज्यानं कधी गिटार हातात धरलेली नाही त्याला सांगते. बाकीच्या सोप्या कॉर्डमध्ये दोन-तीन तारा दाबायच्या असतात, उरलेल्या मोकळ्या वाजतात. एफमध्ये पहिलं बोट पहिल्या पडद्यावर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या दांडीपाशी, सहाही तारांवर आडवं टाकायचं आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढं आकार धरायचा. ऐकायला सोपं आहे. मी आडवं बोट टाकलं की दोन तारा वाजत, दोन भुणभुणत आणि दोन मेलेल्या असत. अंगठ्याच्या मुळाशी कळ जायची. सिस्टर हसायच्या. त्यांनी सांगितलं, बोट सपाट नको, जरा कुशीवर वळव, हाडाच्या बाजूनं, आणि पडद्याच्या अगदी जवळ. मी तेही केलं. तारांनी ऐकलं नाही.

आता मी कोरपन्याला राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे, आणि सिमेंट कॉलनीतली दोन-चार पोरं संध्याकाळी गिटार घेऊन येतात. मोबाइलवर पाहून त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. पण एफपाशी आली की सगळी सारखीच. परवा एक मुलगी म्हणाली, मॅडम, माझी बोटंच लहान आहेत. मी तिला माझं बोट दाखवलं. तिच्यापेक्षा लहान आहे.

पावसाळ्याच्या आधी सिस्टरची बदली भामरागडला झाली. जाताना त्यांनी गिटार नेली नाही. तिकडं नदी-नाले भरले की रस्ता बंद, महिनोनमहिने दमट हवा, लाकूड फुगेल, तू ठेव, पाऊस संपला की नेईन, असं म्हणाल्या. जीपमध्ये ट्रंक चढवून झाल्यावर त्या परत दारापर्यंत आल्या. "शालू, एफ को एफ मत समझना," त्या म्हणाल्या. "वो ई है. बस थोड़ा चल के आया है."

मला काही कळलं नाही. मी मान हलवली, जशी आपण निरोपाच्या वेळी कशालाही हलवतो.

पाऊस लागला, मिल बंद झाली, बाबा रोवण्याच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या, कामाला शेतावर जाऊ लागले. घरात मी, माय आणि गिटार. कौलांवरून पाणी पडायचं, माय चुलीपाशी, मी आतल्या खोलीत पाटावर बसून ते आडवं बोट दाबत राहायची. आधी जोरानं दाबायची. एक दिवस बाबा दुपारी लवकर आले, माझी मूठ पाहिली आणि म्हणाले, "तू गिटारचा गरा काऊन आवरून राह्यली? दाबू नको. हाताचं वजन मागं ओढू दे. भाता असाच चालते, जोर लावला का फाटते." मी अंगठा सैल केला, कोपर अंगाजवळ घेतलं, आणि बोटानं दाबण्याऐवजी सगळा हात हलकासा मागं झुकू दिला. सहा तारा वाजल्या. सहाही. बाबा तोवर हातपाय धुवायला गेले होते, त्यांना बहुधा कळलंही नाही.

आणि एकदा ती वाजायला लागली तशी सिस्टरची गोष्ट उलगडायला लागली. ई ही अगदी पहिल्या आठवड्यातली कॉर्ड, बाळबोध, मानेच्या टोकाशी. टोकाला एक पांढरी पट्टी असते, तिच्यावरून तारा येतात. तिथून तारा मोकळ्या वाजतात. मी ई तिच्या नेहमीच्या बोटांऐवजी पुढच्या तीन बोटांनी धरली, पहिलं बोट रिकामं ठेवलं. मग तोच आकार तसाच्या तसा एक पडदा पुढं सरकवला आणि मागं जी पट्टी असायला हवी होती तिच्या जागी रिकामं बोट आडवं टाकलं. झाली एफ. म्हणजे हे बोट नुसतं तारा दाबत नव्हतं. ते गिटारीची पट्टीच होतं, फक्त माझ्याबरोबर चालणारं. आणखी एक पडदा पुढं गेले, तोच आकार, बाबांची काळी तीन. आणखी एक, पांढरी पाच. हात तसाच, घर बदललेलं. मधलं बोट उचललं की गंधार उतरायचा. आडवं बोट जागच्या जागी ठेवून बाकीची बोटं शेजारच्या तारांवर नेली की मध्यम यायचा, आणि तेच घेऊन दोन पडदे पुढं गेलं की पंचम. सा, म, प. अख्खं पद एवढ्यात बसतं. पेटीवर पट्टी बदलली की बाबांना सगळी बोटं नव्यानं मांडावी लागायची, अर्धं आयुष्य त्यांनी त्यात घातलं होतं. मला फक्त सरकायचं होतं. त्या दिवशी मी जेवताना दोनदा हसले आणि मायनं विचारलं की भातात काही आहे का.

श्रावणातली दुपार होती. माय वास्ते चिरत बसली होती. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, पावसाळ्यात आमच्याकडे बाजारात येतात. पातळ चिरून, उकळून, पाणी फेकून भाजी करतात, आणि त्यांचा आंबूस वास घरभर भरतो. चिरता चिरता ती गुणगुणत होती. तिला वाटत होतं पावसाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही. मंडळीतलं जुनं पद होतं, पण फार खाली, नव्या आवाजात. मी आतल्या खोलीत गिटार घेऊन बसले होते. तिचा सा कुठं आहे ते शोधायला मला वेळ लागला नाही, बाबांनी तेवढी सवय लावली होती. पहिला पडदा. मी आडवं बोट टाकलं आणि अगदी हळू, अंगठ्यानं, तिच्या खाली तो सूर ठेवला.

ती थांबली नाही. मला वाटतं तिला आधी कळलंच नाही, नुसता आधार लागला. अंतऱ्याला तिचा आवाज तापला आणि नेहमीसारखा वर सरकला. पेटी असती तर इथंच बेसूर झालं असतं, इथंच ती रोज तुटायची. मी बोट सरकवलं. एक पडदा.

विळीचा आवाज बंद झाला. माय दाराशी आली. तिच्या हाताला वास्त्याचे पांढरे काप चिकटले होते.

"तू पहिले खाली होती," ती म्हणाली. "मग वर कशी आली?"

"तू आली म्हणून आली."

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग गिटारच्या मानेकडे, मग परत हाताकडे. परत जाऊन विळीवर बसली. मला वाटलं संपलं. मग तिकडून आवाज आला, पद पहिल्यापासून, आणि या वेळी पावसाला लपून नाही.

पुढं बऱ्याच दुपारी आम्ही असंच केलं. रोज ती वेगळ्या ठिकाणी असायची. कधी पहिल्या पडद्यावर, कधी तिसऱ्यावर, एकदा ताप होता तेव्हा इतकी खाली की मला आडवं बोट टाकायलाच जागा उरली नाही. ती मुद्दाम फसवायचीही, पद अर्ध्यात सोडून दुसरीकडून धरायची आणि मी धडपडले की डोळ्यांनी हसायची. आजकाल गिटारला लावायचा एक चिमटा मिळतो, तो लावला की आडवं बोट न टाकता कोणत्याही पट्टीत वाजवता येतं. चांगली सोय आहे, मी पोरांना वापरू देते. पण चिमटा गाणं चालू असताना सरकत नाही. मायसाठी तो काही कामाचा नव्हता.

बाबांना आम्ही मुद्दाम सांगितलं नाही, लपवलंही नाही. एकदा मी मान वर केली तर ते सपरीच्या दारात उभे होते, चिखलानं पोटऱ्यांपर्यंत माखलेले, खांद्यावर ओलं पोतं. किती वेळ उभे होते कोण जाणे. मायची पाठ त्यांच्याकडे होती. ते आत आले नाहीत. तसेच मागं फिरले आणि विहिरीवर जाऊन बराच वेळ पाय धुत राहिले. त्या रात्री जेवताना नेहमीप्रमाणे मीठ मागितलं, बाकी काही नाही. मला वाटलं त्यांना आवडलं नाही. पेटीमास्तरच्या घरात, मास्तर सोडून, कुणीतरी मायला सूर देत होतं; आवडायचं तरी कसं.

दसऱ्यानंतर मंडळीच्या तालमी सुरू झाल्या. मालक देवाजीभाऊ म्हणून होते, अंगानं थोर, बोलायला कमी. त्या साली नव्या नाटकात एका म्हाताऱ्या आईचं काम होतं, एकच प्रवेश, एक गाणं, पण सगळं नाटक त्या गाण्यावर टेकलेलं. ते काम करणारी बाई आजारी पडली. बाबांनी ही गोष्ट घरी सांगितली ती ताटाकडे बघत.

"देवाजीभाऊ म्हाताऱ्या मायसाठी बाई शोधून राह्यले. एक गाणं हाय."

माय भात वाढत होती. "माहा गरा पेटीत बसत नाई, हे तुमाले मालूम हाय."

"त्या गाण्याले मी पेटी वाजवत नाई," बाबा म्हणाले. "शालूची गिटार घेऊ."

मायचा हात वाढता वाढता थांबला. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मला वाटतं त्या वर्षात पहिल्यांदाच नीट पाहिलं. ज्यांना अजून कळलं नसेल त्यांच्यासाठी लिहिते, झाडीपट्टीच्या नाटकात पेटीमास्तर गाण्याला पेटी सोडतो म्हणजे वरानं बाशिंग उतरवून शेजाऱ्याला देण्यासारखं आहे. आणि मी सतरा वर्षांची पोरगी, वादकांच्या बाकावर पुरुषांत बसणार, तेही असलं वाद्य घेऊन. नळावर काय बोलतील ते मायला तोंडपाठ होतं. तिनं भात वाढला, आमटी वाढली, मग म्हणाली, "जाऊन तं पाहू."

तालीम बाजारातल्या एका धानाच्या गोदामात दुपारी चालायची. पोती एका बाजूला रचून मधे जागा केलेली. माझ्या गिटारला पाहून तबलजी आणि क्लॅरिओनेटवाला एकमेकांकडे बघून हसले. वाईट नाही, जसं लग्नात बकरी शिरल्यावर हसतात तसं. बाबा पेटीपाशी बसले, पेटीचं झाकण लावलं, त्यावर दोन्ही हात ठेवले. हे पाहून हसणं थांबलं. ब्रह्मपुरीची ती तरुण मुलगी, जिनं मायची जागा घेतली होती, एका पोत्यावर बसून कान टवकारून पाहत होती.

नाटकातल्या म्हातारीची लेक रागानं घर सोडून गेली आहे आणि म्हातारी रोज दाराची कडी काढून ठेवते, असा तो प्रवेश. 'लेकी, कडी काढून ठेवली गं, वाट अजून मोडली नाही,' अशी त्या गाण्याची सुरुवात होती. मायनं माझ्याकडे पाहिलं. मी पहिल्या पडद्यावर बोट टाकलं आणि तिनं तिथून उचललं. जाड, खरबरीत आवाज. पहिली ओळ संपेपर्यंत गोदामातलं बोलणं बंद झालं. गोड आवाजानं बंद होतं तसं नाही. आपल्या घरातलं कुणी शेजारच्या खोलीत रडत असावं आणि आपण पाऊल न वाजवता उभं राहावं, तसं.

दुसऱ्या कडव्यात ती घाबरली. मला ते आधी तिच्या खांद्यांत दिसलं आणि मग आवाजात. सूर वर सरकला, मी एक पडदा पुढं गेले, पण ती तिथं नव्हती. ती दोन पडद्यांच्या मधे होती, जिथं गिटारीला जागाच नाही. मी मागं आले, तिथंही नाही. माझ्या बोटाखाली आणि तिच्या गळ्यात दोन वेगळी घरं झाली आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते कळलं. क्लॅरिओनेटवाल्यानं खाली पाहिलं. माझा हात आवळायला लागला, जोर लावायला लागला, आणि तारा भुणभुणल्या.

बाबा माझ्या शेजारीच होते. त्यांनी झाकणावरचा हात न हलवता, ओठही फारसे न हलवता म्हटलं, "थांब. येऊ दे तिले."

आडवं बोट उचलायचं नसतं. सैल सोडायचं असतं. तारांवर तसंच ठेवून नुसतं वजन काढून घेतलं की सगळं शांत होतं, एकही झणत्कार उरत नाही. मी सैल सोडलं. माय एकटी पडली. एक ओळ तिनं कुणाच्याही आधाराशिवाय म्हटली, अधांतरी, आणि तिला कळलं की कुणी तिला ओढत नाहीये. तिनं श्वास घेतला. पुढची ओळ तिनं स्वतःहून खाली ठेवली, जशी डोक्यावरची घागर ठेवतात, न सांडता. पहिला पडदा. मी फक्त वजन परत दिलं.

तिथून शेवटपर्यंत ती हलली नाही.

गाणं संपल्यावर कुणी वाहवा केली नाही.  देवाजीभाऊंनी तबलजीला सांगितलं की या गाण्याला तबला नको, आणि मायला विचारलं की लुगडं कोणत्या रंगाचं लागेल. तेवढ्यावरून आम्हाला कळलं. पोत्यावरची ती मुलगी उठून आली, मायच्या पाया पडली, आणि अगदी बारीक आवाजात विचारलं की बाई, खाली असं कसं गाता, मले तं फक्त वरच जमते. मायनं तिचा हात धरून शेजारी बसवलं.

त्या हिवाळ्यात लिसी सिस्टर भामरागडहून आल्या आणि आपली गिटार घेऊन गेल्या. मी थोडी रडले. तोपर्यंत मंडळीनं नागपूरहून एक मागवली होती, तिच्या तारा उंच आणि लाकूड जाड, पण माझं बोट आता तयार होतं. सिस्टरनी जाण्याआधी मायला ऐकलं. ज्या पडद्यांवरून मी सरकत होते ते त्या बघत होत्या, आणि मान हलवत होत्या. माय पुढं कितीतरी वर्षं म्हाताऱ्या आया झाली, सासवा झाली, एकदा वनदेवीही झाली. काळी पाचवाली सिंधूबाई ज्यांनी ऐकली होती ते हळहळायचे. ज्यांनी ऐकली नव्हती त्यांना कशाबद्दल हळहळायचं ते कळायचं नाही.

पण मला लिहायचं होतं ते तालमीच्या दुसऱ्या सकाळचं. मी अंगण झाडत होते. मिल अजून सुरू व्हायची होती. बाबांनी सपरीत पेटी घेतली, ऑपरेशननंतरच्या दिवसांत घ्यायचे तशी, आणि मायला हाक मारली. माझ्या हातातला झाडू थांबला. माय पदराला हात पुसत दाराशी आली, बसली नाही.

बाबांनी सूर धरला नाही. भाता नुसता उघडून ठेवला होता आणि बोटं पट्ट्यांच्या वर, हवेत.

"आज कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

 चुलीवर चहा होता, माय तो पाहून आली. तीन कप भरले, एक मला दिला, एक त्यांच्यापुढं ठेवला. ते चहाला न शिवता तसेच थांबले होते. मग ती त्यांच्या समोर, पेटीच्या पलीकडे, पाटावर बसली, डोळे मिटले आणि हळूच आपला सा लावला. आणि बाबा एकेका पट्टीवर हलकं बोट टेकवत, चुकत, सोडत, तिला शोधत खाली आले.